नव्वद सेंटिमीटर

नकाशावर दिव्यांच्या बटणांची उंची पेन्सिलने बदललेली होती. एकशे पाच सेंटिमीटर खोडून नव्वद. त्यातल्या नऊची शेपटी खालच्या ओळीपर्यंत ओढलेली. असा नऊ प्रियदर्शनी काढते, नम्रताची धाकटी बहीण.

नकाशा इंद्रजीतचा होता. प्रियदर्शनी नोकरी करायची ती संस्था व्हीलचेअर वापरणाऱ्या नोकरदार बायकांसाठी वाघोलीला वसतिगृह बांधणार होती. नम्रताही वास्तुविशारद, तिने स्वतःचा नकाशा दिला होता. समितीने एकोणतीस वर्षांच्या इंद्रजीतचा घेतला आणि तिला तो तपासायला दिला. त्याने म्हणे तीन आठवडे संस्थेत बसून प्रत्येकीला भिंतीशी नेलं, हात पोचेल तिथे खडूने खूण करायला लावली. नम्रता तेव्हा एवढंच म्हणाली होती, की बालवाडीत असंच करतात. मग चार रात्री त्याच्या नकाशात चुका शोधल्या. एक सापडली, जिन्याखालच्या दाराची, तेव्हा कुठे तिला भूक लागली.

वारजेचं घर तिने अकरा वर्षांपूर्वी बहिणीसाठी करून घेतलं होतं. उतार, रुंद दारं, न्हाणीघरात दांडे, सगळं मानकांप्रमाणे. लोक बघायला येत. बटणं एकशे पाचवर.

संध्याकाळी तिने नकाशा प्रियदर्शनीच्या पलंगावर पसरला आणि आकडा तूच बदललास का, असं विचारलं. प्रियदर्शनी हो म्हणाली. मग उशाशी असायची ती लाकडी पट्टी उचलून तिने टोकाने पंख्याचं बटण दाबलं. हात तिचा खांद्यातून तेवढाच वर जायचा. नम्रताला ती पट्टी इतकी वर्षं पडद्यासाठी वाटत होती.

"मला कधी बोलली नाहीस."

"तू पाहुण्यांना घर दाखवत असायचीस, ताई. किती हौसेने."

"आणि त्याला सांगितलंस. तीन आठवड्यांत."

प्रियदर्शनीने पट्टी परत उशाशी ठेवली. नम्रताला ती जिन्याखालच्या दाराची चूक आठवली. सांगितली तर काम महिनाभर तरी अडेल. तिने कागद गुंडाळायला घेतला. प्रियदर्शनीने त्यावर हात ठेवला. वसतिगृहाचं ठरलं तेव्हाच मिळालेला अर्ज दोन वर्षं तिच्या खणात कोरा पडला होता. कुणी विचारलं की ती बघू म्हणायची, आणि नम्रता लगेच चहा टाकायला उठायची.

आज नम्रता उठली नाही.

"चार नंबरची खोली," प्रियदर्शनी नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "मी घेतेय. तिकडे राहायला जातेय मी, ताई."