थोडी वर

"हे? हे घेतोयस तू?" मॅक्सीनने पुस्तक माझ्या हातातून हिसकावलंच. "वेन्डेल, अरे, टेबल डगमगतं म्हणून पायाखाली ठेवलं होतं मी हे!"

आजूबाजूचे दोघेतिघे खो खो हसले. जत्रेच्या मैदानावरच्या शेडमध्ये जुन्या लष्करी बंदुकांचा बाजार भरतो आणि मॅक्सीन तिथे पुस्तकं विकते. 'आधी पुस्तक घ्या, मग बंदूक' हे तिचं पालुपद. न वाचता घेणारा फसतो, आणि फसला की त्याची वर्षभर टिंगल होते.

"माजी सैनिकांच्या हॉलमध्ये ठेवायचंय ना? मग हे जाडं ने. जपानी रायफलींवर याच्या तोडीचं दुसरं नाही. शिक्के, आकडे, फूल, सगळ्याचे फोटो आहेत."

"फोटो नकोत."

"काय?"

"म्हणजे, लोक तिथे बिअर प्यायला येतात गं. जाडं पुस्तक कोण उघडतंय?"

"साठी बुद्धी नाठी," ती म्हणाली आणि ते बारकं पुस्तक पिशवीत कोंबून दिलं.

हॉलच्या कमिटीने ठरवलं होतं की माझ्या डॅडची रायफल भिंतीवर लावायची आणि खाली काचेच्या पेटीत तिची माहिती देणारं पुस्तक ठेवायचं. ते निवडायचं काम माझ्या गळ्यात, कारण अशा पुस्तकांनी आमचं घर भरलंय. आणि मला हवं होतं त्यातलं सगळ्यात टाकाऊ.

कारण ते फूल. जपानी रायफलीवर नळीच्या मुळाशी, वरच्या अंगाला बादशहाची शेवंती कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शरणागतीत हवाली केलेल्या बंदुकांवरची फुलं घासून टाकली गेली. म्हणून फूल शाबूत असेल तर ती रायफल लढाईत हिसकावलेली, असं आमच्यातले बंदुकांचे शौकीन धरून चालतात. डॅडच्या रायफलीवर फूल आहे. बेटावरचा चिखल, समोरून आलेला शत्रू, झटापट, ही गोष्ट गावात तीन पिढ्यांना पाठ आहे.

पण बादशहाच्या फुलाला पाकळ्या सोळा. आमच्या फुलाला पंधरा. ऐन तिशीत मॅक्सीनचंच ते जाडं पुस्तक शेजारी धरून मी मोजल्या. ते एका बाजूला झुकलेलं फूल माझ्या ओळखीचं होतं. आमच्या गावच्या क्रेब्ज सोनाराने आईच्या लग्नाच्या अंगठीवर अगदी तसंच कोरलं होतं. आई गेल्यापासून ती अंगठी डॅडच्या करंगळीत असते.

म्हणजे मूळ फूल घासलेलंच होतं, आणि हे डॅडनी परत आल्यावर क्रेब्जकडून कोरून घेतलं होतं. डॅड तिथे पोचले तेव्हा लढाई संपली होती. बरं, त्यात लाज कसली? एकोणीस वर्षांचं पोर, जिवंत परत आलं! पण एक थाप मारली, गावाने ती डोक्यावर घेतली, आणि मग खाली उतरायला जागाच उरली नाही. त्यांना नाही, मलाही नाही. लोक रायफल बघायला घरी यायचे आणि कुणी फुलावर फार वाकला की मी मध्येच कॉफी पुढे करायचो. अॅरिझोनात पाण्याचे पंप बसवायचं चांगलं काम चालून आलं होतं, गेलो नाही. मी गेलो असतो तर कुणीतरी पाकळ्या मोजल्या असत्या. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! केस पांढरे झाले तरी गावात मी अजून 'ऑरिनचा पोरगा'च. कधीकधी त्या रायफलीचा इतका राग येतो की नदीत फेकावीशी वाटते.

सोहळ्याच्या आदल्या दुपारी डॅडना चाकाच्या खुर्चीतून हॉलवर नेलं. पेटीत ठेवण्याआधी त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि सावकाश चाळलं.

"यात फुलाचा फोटो नाही," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुस्तक मिटलं आणि त्यावर हात ठेवून बसले.

मी स्टुलावर चढलो. हॉलचा प्रमुख ड्वेन खालून ओरडला, "डोळ्यांसमोर लाव रे! फूल दिसलं पाहिजे, उद्या पेपरवाले येतायत."

"थोडी वर," डॅड म्हणाले.

मी वर धरली.

"अजून वर."

"ऑरिन, छताला टेकवतोस की काय?" ड्वेन हसला. "अरे, कुणाला काही दिसणार नाही!"

"माझी रायफल आहे. वर लाव, वेन्डेल."

मी हात पुरेल तितक्या उंचावर खुंट्या ठोकल्या, रायफल टांगली आणि उतरलो. ड्वेन मान हलवत खुर्च्या मांडायला गेला.

"दिसतं का?" डॅडनी हळूच विचारलं.

मी चवड्यांवर उभा राहिलो. "नाही, डॅड. काही दिसत नाही."

"बरं झालं."

त्यांनी करंगळीतली अंगठी फिरवून फूल तळव्याच्या बाजूला घेतलं आणि मूठ मिटली.

"अॅरिझोनात अजून लागतात का रे पंपवाले?"

"आता काय त्याचं," मी म्हणालो. खुर्चीचा ब्रेक सोडला आणि त्यांना दाराकडे वळवलं.