पोखर्णीच्या बायनाबाईंची ठेव

मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चंद्रप्पांचं किराणा दुकान होतं आणि त्यांची लेक शिवकन्या मल्टिस्टेटच्या शाखेत कारकून होती. पतसंस्थेचं नाव लांबलचक होतं, पण लोक तिला नुसतं मल्टिस्टेट म्हणायचे. ठेवीवर बारा टक्के व्याज मिळायचं. कोणी बिचकलं तर चंद्रप्पा गल्ल्यावरूनच सांगत, "आमची शिवकन्या बसती तिथं. बिनघोर टाका." कपाळावर भस्म लावणारा हा माणूस खोटं बोलत नाही, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. तो खोटं बोलतही नव्हता.

२०२२च्या दिवाळीनंतर फायली लावताना शिवकन्येच्या हाती सोनेतारण कर्जाची एक फाइल आली. कर्जदार होते सिद्धोधन सर, तिला शाळेत गणित शिकवलेले. कर्ज चाळीस लाखांचं, दसऱ्यानंतरच्या तारखेचं. आषाढात तर ती सरांच्या मौतीला जाऊन आली होती. शिवाय सर जन्मभर मराठीत सही करायचे आणि इथली सही इंग्रजीत होती. तिने तिजोरीचं रजिस्टर पाहिलं. त्या नंबरचं सोन्याचं पाकीट तिजोरीत आलंच नव्हतं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती एकेक फाइल उघडू लागली. आठवड्याभरात तशा तेवीस निघाल्या. काही कर्जदार मेलेले, काहींना आपल्या नावावर कर्ज आहे याचा पत्ताच नव्हता. उचललेला पैसा त्याच दिवशी संस्थेच्या चेअरमनच्या भावाच्या कंपनीत जात होता. तो पैसा कुणाचा, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. ठेवीच्या पावत्या तीच लिहीत होती.

तिने झेरॉक्स काढल्या आणि रजा टाकून एसटीने परभणी गाठली. सहकार खात्याच्या कार्यालयात दिनकरराव नावाचे साहेब होते. त्यांनी कागद चाळले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मॅडम, मल्टिस्टेट म्हणजे दिल्लीचा विषय. आमच्या अखत्यारीत न्हाई."

"मग कुणाच्या हाय, साहेब?"

"अर्ज ठेवून जा. मी वर पाठवतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तोवर कुठं बोलू नका. बोभाटा झाला तर लोकं काउंटर फोडतील अन् गुन्हा तुमच्यावर लागंल. चौकशी लागली की सगळं बाहेर येतंच."

तिला ते पटलं. साहेब वाईट वाटले नाहीत. अर्जाची पोच पर्समध्ये घालून ती परत आली आणि वाट पाहू लागली. वडिलांनाही तिने काही सांगितलं नाही, कारण चंद्रप्पांच्या पोटात काही राहत नसे.

डिसेंबरात वरून दोन माणसं तपासणीला आली. शिवकन्येला वाटलं, सुटलो. तिने तेवीसही फायली मुद्दाम गठ्ठ्यात वरच ठेवल्या. पाहुणे मॅनेजरच्या केबिनमध्ये बसले, दुपारी चेअरमनच्या गाडीतून जेवायला गेले आणि तिकडूनच परतले. आठ दिवसांनी शेरा आला : व्यवहार समाधानकारक.

जानेवारीत पोखर्णीहून बायनाबाई आल्या. त्यांचा नवरा लिंबाजी रेल्वेत गँगमन होता, रुळावर काम करतानाच गेला. रेल्वेने दिलेले साडेसहा लाख होते. सोबत मुलगी राजेश्री होती, बारावी झालेली.

"तुमच्या बापानं सांगितलं म्हून आले," बायनाबाई म्हणाल्या. "हिला नर्सिंगला घालायचंय. वरीसभर ठिवते. बुडायचं न्हाई ना, ताई?"

मॅनेजर मागेच उभा होता. शिवकन्येने पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. तिने बायनाबाईंकडे पाहिलं नाही. पावती लिहिली, शिक्का मारला आणि काचेखालून सरकवली. तिच्या मनात एकच हिशेब चालला होता. ती तपासणी नेहमीची होती, अर्ज जाऊन दोन महिने झालेत, आता कधीही खरी चौकशी लागेल, वर्षाच्या आत सगळं मार्गी लागेल.

मे महिन्यात अर्जाचं उत्तर आलं. ते तिच्या घरी आलं नाही, चेअरमनच्या टेबलावर आलं. 'सोबतच्या तक्रारीबाबत आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी.' सोबत तिचा अर्ज जोडलेला होता, नाव आणि पत्त्यासह.

चेअरमनने तिला बोलावून खुर्ची दिली. "शिवकन्याताई, तुमी आमच्या घरच्या. माझ्याकडं यायचं होतं." त्याने हळू आवाजात दोन वाटा सांगितल्या. अर्ज मागे घेतला तर मॅनेजरची जागा, नाही तर कागद चोरल्याची फिर्याद. शिवकन्या उठली आणि अर्ज मागे न घेताच बाहेर आली. तिला कामावरून काढलं, तिच्यावर गुन्हाही नोंदवला. त्या संध्याकाळी ती मोंढ्यात दुकानादुकानांत गेली आणि सगळं सांगितलं. सांगायला उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेपुढे रांग लागली, दुपारी शटर खाली आलं, ते पुन्हा उघडलं नाही.

लोक म्हणाले, हिनेच बोभाटा केला म्हणून बंद पडली, नाही तर चालली असती. एकाने दुकानात येऊन चंद्रप्पांना विचारलं, "शेठ, पोरगी बसती म्हनलात ना?" चंद्रप्पांनी हात जोडले. त्या दिवसापासून ते गल्ल्यावर बसले नाहीत. घरी लेकीला एकदाच विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?" ती म्हणाली, "तुमी लोकाला सांगितलं असतं." "व्हय, सांगितलं असतं," चंद्रप्पा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पौष लागता लागता ते गेले. मोंढ्यातून मातीला चारच माणसं आली.

चेअरमनला अटक झाली, जामीनही झाला. सरकारने संस्थेची मालमत्ता विकून देणी भागवायला अवसायक नेमला आणि ठेवीदारांकडून दाव्याचे अर्ज मागवले. शिवकन्या आता लोकांचे अर्ज भरून देते. काही तिच्याकडून भरून घेतात, काही तिला पाहून रस्ता बदलतात.

बायनाबाईंचा अर्ज आला नव्हता, म्हणून ती स्वतः पोखर्णीला गेली. बायनाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. राजेश्रीचं नर्सिंग राहिलं होतं. ती परभणीत कापडाच्या दुकानात नोकरीला लागली होती.

शिवकन्येने अर्ज काढला, पण भरायच्या आधी म्हणाली, "मावशी, तुमी पैसे टाकलेत तवा मला ठाऊक होतं."

सूप थांबलं.

"काय ठाऊक होतं?"

"आत काय चाललंय ते. मी तक्रार दिली होती. साहेब म्हनले, बोलू नका."

बायनाबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तोंडानं बोलायचं नव्हतं, तर डोळ्यानं तरी खुनवायचं होतंस, माय. मी लय येळ तुझ्या तोंडाकडं बघत हुते."

शिवकन्येला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

"भर अर्ज," बायनाबाई म्हणाल्या. "दुसरं कोन भरनार?"

अर्ज भरून झाल्यावर त्यांनी अंगठा उमटवला, बोट पदराला पुसलं आणि सूप उचललं. "आता इकडं येत जाऊ नको. तारीख निघाली की फोन कर."

कोर्टात ठेवींच्या प्रकरणाच्या तारखा निघतात आणि पुढे जातात. कधी न्यायाधीश रजेवर असतात, कधी अवसायकाचा अहवाल आलेला नसतो. शिवकन्या प्रत्येक वेळी पोखर्णीला फोन लावते. पलीकडून बायनाबाई ऐकून घेतात, "हं" म्हणतात आणि फोन ठेवतात.