चुकीच्या खांद्यावरची पट्टी

दादाने ते जाकीट दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा वर्गात पहिला नंबर आलेल्या मुलासारखा झाला होता.

"ओळख पाहू, काय केलंय?"

दादा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. आपल्या जुन्या राखाडी जाकिटावर त्याने खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरकी काळी पट्टी शिवली होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणसाने सीटबेल्ट लावला आहे.

"बेल्टही नको आणि दंडही नको. बोल आता, प्रयोगशाळा!"

प्रयोगशाळा म्हणजे मी. मी गाड्यांचे बेल्ट तपासते. मशीनमध्ये ते तुटेपर्यंत ओढते आणि कुठल्या ताणाला तुटले ते लिहून ठेवते.

वहिनी भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, "एवढं डोकं चालवण्यापेक्षा बेल्ट लावला असता तर दोन सेकंदांत काम झालं असतं."

"प्रश्न सेकंदांचा नाहीच. भरधाव जाऊन मी कुणाला उडवलं तर खुशाल आत टाका. पण बेल्ट नाही लावला तर डोकं माझं फुटणार ना? त्यात सरकारच्या बापाचं काय जातं?"

"आणि ते फुटलेलं डोकं सांभाळणार कोण? सरकार?" वहिनीने पातेलं आपटलं.

माझ्याकडे आकडे होते, पण दादाचा प्रश्न आकड्यांचा नव्हता. स्वतःच्या जिवावर आपला हक्क किती, हे कुठलंही मशीन सांगत नाही. शिवाय माझं लक्ष पट्टीकडे गेलं होतं.

ती चुकीच्या खांद्यावर होती.

ड्रायव्हरचा बेल्ट दाराकडच्या खांद्यावरून खाली येतो. दादाची पट्टी आतल्या खांद्यावरून आली होती. कशी, तेही लगेच कळलं. सीटचं कव्हर उलटं करून आखायचं, उलटंच शिवायचं आणि मग सुलटं करायचं, अशी त्याच्या हाताला वीस वर्षांची सवय. सीटच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. जाकीटही त्याने उलटं करूनच आखलं होतं. सुलटं केल्यावर पट्टी पलीकडच्या खांद्यावर गेली.

एक वाक्य पुरेसं होतं. पण ते मी बोलले असते तर दादाने दहा मिनिटांत पट्टी उसवून बरोबर शिवली असती आणि मग त्याला कुणीच पकडलं नसतं. मी जाकिटाची घडी घातली आणि म्हणाले, "टाके मात्र छान आलेत."

त्यानंतर तीन दिवस कामात माझं मन लागलं नाही. एका नमुन्याची नोंद मी दोनदा केली. तो पकडला जायच्या आधीच काही झालं तर? मग त्या गप्प बसण्याचं मी काय करणार होते?

चौथ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. आधी नुसतं रडणं आलं, मग शब्द आले. दादाची गाडी रस्त्यात थांबलेल्या ट्रकवर आदळली होती.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो खाटेवर टेकून बसला होता. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, छाती काळीनिळी. बाकी सगळा दादा जागच्या जागी होता. मी त्याच्या पायाचा अंगठा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"चौकात एका पोलीसबाईने अडवलं," तो सांगू लागला. "म्हणाली, 'काका, तुमचा बेल्ट आकाशातून आलाय का?' पावती फाडली आणि खरा बेल्ट लावेपर्यंत दाराशी उभी राहिली. पुढच्या वळणावर काढणारच होतो. पण तिला मनातल्या मनात शिव्या घालता घालता राहूनच गेलं. आणि मग तो ट्रक."

डॉक्टर वहिनीला म्हणाले होते, बेल्ट नसता तर आपण आत्ता बोलत नसतो.

घरी जाताना मी त्या चौकात उतरले. ती मुलगी असेल पंचवीसेक वर्षांची. मी आभार मानले तर गोंधळली. "कोण हो? मी रोज दहा-बारा जणांना अडवते." मी जाकिटाचं सांगितलं, तेव्हा खळखळून हसली. मग काय झालं ते सांगितलं, तेव्हा टोपी काढून नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दादाला खरं सांगून टाकलं.

"म्हणजे पट्टी चुकीच्या खांद्यावर आहे, हे तुला दिसलं होतं?"

"हो."

"आणि टाके छान आलेत म्हणालीस?"

"टाके छानच होते."

तो हसायला गेला आणि कळवळला. "हसवू नकोस गं!" मग गंभीरपणे म्हणाला, "तरी सांगतो, जबरदस्ती ती जबरदस्तीच."

"आहेच," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. वादात मी कधी त्याचं ऐकत नाही. "मग?"

"मग काही नाही. ती झाली, याचं मला फार बरं वाटतंय. तुला पटलं नाही तरी चालेल. तू भांडायला आहेस, मला तेवढं पुरे."

"बरा झालो की त्या पोरीशीही भांडेन. आधी आभार मानेन, मग भांडेन."

वहिनीने पेजेचा चमचा त्याच्या तोंडासमोर धरला. "आ करा."

"हेही सक्तीचं का?"

"हो," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

त्याने तोंड उघडलं.