सुमतीचे अकरा खंड

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात, पवना नदीकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी बसून वन्सं पान उलटीत, तेव्हा वाळल्या पिंपळपानावरून वारा सरकावा तसा आवाज येई. माझ्या या थोरल्या नणंदेला वैधव्य विसाव्या वर्षीच आलं होतं. पुढचं सारं आयुष्य त्यांनी चिंचवडच्या मुलींना शिकवण्यात आणि लोकांची पुस्तकं वाचून परत करण्यात घालवलं. त्यांचं हसू श्रावणातल्या उन्हासारखं, दिसतं न दिसतं तोच मावळणारं.

त्या वर्षी वेशीजवळचे वकील वारले आणि त्यांचा मुलगा माधव घर रिकामं करू लागला. पिंपरीच्या नव्या कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. जुन्या मराठी काव्याचा अकरा खंडांचा संच मावेल एवढी जागा तिथल्या खोलीत नव्हती.

"मावशी, तुम्हीच घ्या. रद्दीत घालायला जीव होत नाही," तो म्हणाला.

वन्संनी आठ दिवस मागून घेतले आणि सातवा खंड तेवढा पाहायला घरी आणला. भिंतीतलं कपाट त्यांनी त्याच दिवशी रिकामं करून पुसून ठेवलं. मग विचार कसला चाललाय, मला कळेना.

चौथ्या दिवशी त्यांनी तो खंड माझ्यापुढे उघडला. समासात शिसपेन्सिलीचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर होतं. माधवच्या आईचं, सुमतीचं. वन्संची ती एकुलती एक मैत्रीण. कितीतरी दुपारी दोघींनी हे खंड एकत्र वाचले होते. सुमती मोठ्याने वाची, वन्सं अर्थ लावीत. माधव वर्षाचा व्हायच्या आत विषमज्वराने ती गेली. वकिलांच्या घरात तिचा फोटोदेखील नव्हता.

एका पानाच्या कडेला लिहिलं होतं, 'इथवर वाचले. माधव उठला.' त्यापुढचे समास कोरे होते.

"त्याला ठाऊक नाही गं," वन्सं म्हणाल्या. "न सांगता घेतला, तर ती माझ्याजवळ राहील. सांगितलं, तर जाईल."

पुढचे तीन दिवस त्या खिडकीशी बसत, पण पान उलटल्याचा आवाज येत नसे. मांडीवर मिटलेलं पुस्तक, त्यावर पालथा हात, आणि नदीवरचं धुकं विरून ऊन चढलं तरी न हललेली नजर.

आठव्या दिवशी खंड घेऊन त्या वकिलांच्या घरी निघाल्या, मीही त्यांच्यासोबत गेले.

"माधव, हे अक्षर कुणाचं?" वन्संनी विचारलं.

"बाबांचं असेल."

"तुझ्या आईचं."

त्याने खंड हातात घेतला. बराच वेळ तो एकाच ओळीपाशी उभा राहिला; अक्षरं पुसतील म्हणून की काय, बोट कागदापासून किंचित वर धरून फिरवलं. एवढा बाप्या माणूस, पण आवाज अगदी लहान झाला. "माझं नाव लिहिलंय."

"आता हा संच कुणाला देऊ नकोस," वन्सं म्हणाल्या आणि वळल्या.

दोन दिवसांनी ते अकराही खंड चादरीत बांधून बैलगाडीतून पिंपरीला गेले. गाडी दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली, तरी वन्सं दारात उभ्याच होत्या. मग आत येऊन त्यांनी रिकाम्या कपाटाची दारं लोटली.

"वाचताना तिचा आवाज कसा यायचा, ते आता नीट आठवत नाही गं," एवढंच त्या म्हणाल्या.

आज वन्संही नाहीत, आणि मनात येतं, काळ माणसाला नेतो तो एका क्षणात. त्याचं स्मरण मात्र तो ज्याचं त्याला देत, मागे उरलेल्यांच्या ओंजळीतून फार सावकाश नेत राहतो.