सात नंबरचा तळ

माझे यजमान सात नंबरच्या डिमरवर आहेत. दिव्याचा उजेड कमीजास्त करायची दांडी वर घेतली की दिसतात, खाली घेतली की विरत जातात. गेल्या आषाढात एक प्रयोग संपल्यावर ह्यांनी नेहमीसारखा एकेक दिवा उतरवत आणला, आणि सातवा उतरवताना हेही त्याच्याबरोबर उतरले. दुसऱ्या दिवशी मी नाट्यगृहात गेले. व्यवस्थापक दळवी म्हणाले, "सात नंबर वर घेऊन बघा." घेतला. रंगमंचाच्या मधोमध खुर्चीत हे बसलेले होते, अंगात तोच बदामी सदरा, हातातल्या कपातल्या चहाला अजून वाफ.

"उशीर केलास," हे म्हणाले.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला मी घरी देवापुढे निरांजन लावते आणि डबा घेऊन नाट्यगृहात जाते. प्रयोग असला तर पहिल्या घंटेआधी उठते. दांडी अर्ध्याच्या वर असली तर हे सगळ्यांना दिसतात आणि जेवूही शकतात. अर्ध्याच्या खाली फक्त मला दिसतात, आणि त्यांचं बोलणंही फक्त मला ऐकू येतं. चातुर्मासात लक्ष वाती करायचा माझा नेम आहे, म्हणून जेवण झालं की मी ह्यांच्यासमोर बसकर टाकून बसते, बोटांना दूध लावते आणि वाती वळते. हे मला वरच्या दिव्यांतल्या उणिवा सांगतात. उजेडाच्या बाबतीत ह्यांनी जन्मात कुणाची भीड ठेवली नाही. मोठमोठ्या नटांना तोंडावर म्हणायचे, "तुम्ही उजेडात नाही आहात, उजेडाच्या शेजारी आहात." आमच्या लग्नात फोटोवाल्याला थांबवून म्हणाले होते, नवरीच्या डाव्या गालावर सावली पडतेय. ती पडली होती. फोटोत आहे अजून.

निघताना मी सात नंबर खाली आणते, पण तळाला टेकवत नाही. नखभर ठेवते. माझा लहानपणापासूनचा नेम आहे, लावलेला दिवा आपल्या हाताने घालवायचा नाही. तेल संपून तो आपला शांत झाला तर गोष्ट वेगळी. ह्यांचंही म्हणणं तेच, पण कारण दुसरं. दिव्याची तार पूर्ण गार पडली आणि मग एकदम वर घेतली, तर तुटते. म्हणून जुने लोक दिव्यात धुगधुगी ठेवतात. त्या नखभर उजेडात हे रात्रभर खुर्चीत बसून असतात, जुन्या पातळातून पलीकडचं दिसावं तसे.

श्रावणात दळवींनी मला कचेरीत बोलावलं. कमिटीला नवी प्रकाशयोजना हवी होती, कॉम्प्युटरवरची. जुने डिमर भंगारात द्यायचं ठरत होतं.

"मग हे?" मी विचारलं.

"काय म्हणालात? वहिनी, तुमचं बोलणं ऐकायला माइक लावावा लागतो."

मी पुन्हा विचारलं. दळवी टेबलाकडे बघत म्हणाले, पुण्याचा एक मुलगा आहे, तो म्हणतो की डिमर तेच ठेवून कॉम्प्युटरला जोडता येतील. नीट जोडले गेले तर राहतील. नाही जोडले गेले तर गाडी बोलावलेली आहे.

पुण्याचा मुलगा म्हणजे निमिष कारखानीस. दाढी राखलेला, पायातल्या चपला दाराबाहेर काढून आत आला, डिमरच्या लोखंडी कपाटाला नमस्कार केला. मला बरं वाटलं. त्याने दांड्यांचा जुना पाट सोडवून भिंतीला उभा केला आणि त्या जागी कॉम्प्युटर मांडला. मधे एक काळी डबी बसवली.

"कॉम्प्युटर आकड्यांत बोलतो, काकू. ह्या डिमरना आकडे कळत नाहीत, त्यांना कमीजास्त वीज कळते. डबी एकाचं दुसऱ्याला सांगणार."

मग प्रत्येक डिमरला नाव द्यायचं होतं. सातवर आल्यावर तो म्हणाला, "काकांचं नाव काय टाकू?"

मी पदर सावरला. "निरांजनात तूप, तुपात भिजते वात, भालचंद्ररावांचं नाव घेते, उजेड येतो आत."

निमिषने पडद्याकडे पाहिलं. "एवढं मावणार नाही. भालचंद्र टाकतो."

"राव राहिलं," खुर्चीतून हे म्हणाले. सात नंबर तेव्हा अर्ध्याखाली होता. हसले ते माझ्याचपुरते.

आठ नंबरवर खडूने 'रिकामा' लिहिलेलं होतं, ह्यांच्याच अक्षरात. त्याला त्याने नाव दिलं नाही.

"आता यंत्राला तळ दाखवायचा," निमिष म्हणाला. "माथा त्याला कळतो. अंधार कुठे सुरू होतो ते प्रत्येक जुन्या डिमरचं वेगळं असतं. मी आकडा उतरवत नेतो. दिवा पूर्ण गेला की सांगायचं, तिथे मी खूण करतो. बाकीच्यांचं मी दिवा बघून केलं. सातवर दिवा नाही, माणूस आहे, आणि अर्ध्याखाली मला काका दिसत नाहीत. तेव्हा तुम्ही सांगा."

"पूर्ण गेले की ते गार पडतील."

"क्षणभर. मग नखभर ठेवायची सोय यंत्रातच आहे. पण तळ कळल्याशिवाय ती लावता येत नाही."

"आणि वर घेताना तार तुटली तर?"

"नाही तुटायची," निमिष म्हणाला. थोडा विचार करून म्हणाला, "बहुतेक."

तो आकडे उतरवू लागला. मी हातात वात घेतली होती. ह्यांच्या सदऱ्याचा बदामी रंग गेला, मग कपाची कड गेली, मग चेहरा नुसत्या रेघांचा उरला. डोळे अजून होते. नेमात खोटं न बोलणं वेगळं सांगितलेलं नसतं, ते धरलेलंच असतं. मी म्हणाले, "गेले."

"नक्की?"

"गेले."

"अगं," हे खुर्चीतून म्हणाले, "मी आहे की अजून."

निमिषने खूण केली. मी मान खाली घालून वात वळली. ती वात सैल झाली, उलगडून पुन्हा वळावी लागली.

त्यानंतरचे दिवस नाट्यगृहाला फार वाईट गेले. यंत्र आता कितीही काळोख केला तरी ह्यांच्यापर्यंत येऊन थांबत होतं, आणि एकाचा तळ चुकला तसा सगळ्यांचाच चुकला. अंधार पातळ पडू लागला. हौशी मंडळींच्या एका प्रयोगात राजा मरतो आणि अंधार होतो. अंधार झाला, आणि मेलेला राजा उठून मुकुट काखेत मारून विंगेत जाताना साऱ्या प्रेक्षकांनी पाहिला. कुणी तरी म्हणालं, "महाराज, चप्पल राहिली." राजा परत येऊन चप्पल घेऊन गेला.

हे खुर्चीत बसून सगळं बघत होते. माझ्याशी चारदोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "काळोखात घाण केलीस, शालन."

"तुम्ही आहात ना पण," मी म्हणाले.

"आहे. म्हणून तर घाण आहे."

त्याच आठवड्यात शेजारच्या उज्ज्वलावहिनींनी हळदीकुंकवाला बोलावलं. ओळीने बसलो होतो. त्यांनी करंडा घेऊन माझ्यापुढे बोट आणलं आणि कुंकू माझ्या मागच्या भिंतीला लागलं.

"भिंतीला लागलं बाई," त्या म्हणाल्या, आणि पुढचीकडे वळल्या. ओटी कुणीच भरली नाही. घरी येऊन निरांजन लावलं तेव्हा ज्योतीपुढे धरलेल्या हाताची सावली देवावर पडली नाही. मी हात काढला, पुन्हा धरला. बाळकृष्ण तेवढाच उजळ होता. आरती म्हटली ती माझी मलाच लांबून ऐकू आली. मी मुळात हळू बोलणारी, म्हणून आवाज विरत चालल्याचं पहिले दोन दिवस लक्षात आलं नसावं.

दळवींनी निमिषला परत बोलावलं. नाट्यस्पर्धेचा पहिला प्रयोग त्याच संध्याकाळी होता आणि भंगाराची गाडी फाटकाशी उभी होती. गाडीवाला बोनेटवर बसून शेंगा खात होता. मी आत आले तेव्हा दळवींनी माझ्याकडे पाहिलं नाही. निमिषनेही नाही. त्याने डिमरचं कपाट उघडलं होतं आणि आत बॅटरी मारून बघत होता.

"सात आणि आठ एकाच वायरवर आहेत," तो म्हणाला. "जोडीत घातलेत. सातमध्ये जे अडवून ठेवलंय ते आठमधून जातंय."

"आठ रिकामा आहे," दळवी म्हणाले.

निमिषने कॉम्प्युटरवर आठचा आकडा वर नेला. माझ्या पायांना फरशी लागली. बांगड्या वाजल्या. दोघांनी वळून पाहिलं.

"बसा काकू," निमिष म्हणाला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. "तुम्ही आठवर आहात."

खुर्चीतून हे म्हणाले, "रिकामा मी लिहिलं होतं. त्याच दिवशी आठ नंबरच्या दांडीपाशी हिला पहिल्यांदा नाटक बघायला बसवलं होतं, मोकळी जागा म्हणून." सात नंबर अर्ध्याखालीच होता. त्यांना वाटलं मी ते निमिषला सांगेन. मी सांगितलं नाही.

"आता आधी आठचा तळ घ्यावा लागेल," निमिष म्हणाला. "तो बरोबर आला की सातचा येईल. मग दोघांनाही नखभर ठेवून देतो, कायमचं."

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

दळवींनी फाटकाकडे पाहिलं. बाहेर शेंगांची टरफलं जमिनीवर पडत होती. "वहिनी, माझ्या हातात असतं तर..." ते म्हणाले.

"काकू अर्ध्याखाली कुणाला दिसतील?" निमिषने विचारलं.

मी खुर्चीकडे, ह्यांच्याकडे पाहिलं. निमिषने सातचा आकडा माथ्यापर्यंत नेला. हे इतके उजळ मी लग्नानंतर पाहिले नव्हते. कानाजवळचा वस्तऱ्याचा व्रणसुद्धा दिसत होता. ते उठले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, गुडघे कुरकुरले, आणि पायऱ्या उतरून समोर प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत जाऊन बसले. दळवींनी त्यांना नमस्कार केला.

"काका, बरोबर सांगा हं," निमिष म्हणाला. "मागच्या खेपेला चूक झाली."

"उजेडाच्या बाबतीत मी चुकीचं सांगत नाही."

"ते ऐकलंय."

मी ह्यांच्या खुर्चीत बसले. ती गरम होती. कापसाची पिशवी मांडीवर घेतली. एक वात अर्धी वळून राहिली होती, ती हातात घेतली. घरी जाऊन अजून सांजवात करायची होती, हे मी दळवींना सांगितलं. ते म्हणाले, हो हो, लगेच होईल.

"काळोख नको हं पूर्ण," मी ह्यांना म्हणाले.

"म्हणजे?"

"नखभर."

ह्यांनी डोळे बारीक करून माझ्या डाव्या गालाकडे पाहिलं, लग्नात पाहिलं होतं तसं.

निमिषने आकडा उतरवायला घेतला. प्रेक्षागृह माझ्यापासून मागे सरकत गेलं. आधी शेवटची रांग गेली, मग मधल्या, मग दळवी. माझ्या पातळाचा हिरवा रंग गेला. अर्ध्याच्या खाली गेल्यावर निमिष माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघू लागला.

"आहेत?"

"आहे," हे म्हणाले.

आकडा खाली गेला. बांगड्यांचं वजन गेलं. मी म्हणाले, "अहो, मी आहे अजून."

"आहेत?"

"आहे. बोलतेय."

आकडा आणखी खाली गेला. मला कळलं, मी आहे म्हटलं की हे आहे म्हणतात, आणि ह्यांनी आहे म्हटलं की मी उतरते. मी गप्प बसले.

"आहेत का काका?"

"आहे," हे म्हणाले. "गप्प बसलीय."

बोटं दिसेनाशी झाली. वात मात्र वळली जात होती, ते मला लागत होतं. दुधाचा ओलावा थंड होऊ लागला होता. समोर पहिल्या रांगेत हे तेवढे लख्ख होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, पुढे झुकलेले. बाहेर गाडीवाल्याने गाडी चालू केली.

"आता?" निमिषने विचारलं. "आहेत की गेल्या?"

मी डोळे उघडे ठेवले. त्यांना दिसतील तर तेवढेच दिसणार होते.

हे खाकरले, तिसऱ्या घंटेआधी खाकरायचे तसे, आणि त्यांनी तोंड उघडलं.