आधी जेवून घ्या

आमच्या टीममध्ये एक रिवाज आहे. जुनी पद्धत काढायची झाली, की ज्यानं ती बांधली त्यानंच तिचा निरोपाचा इशारा लिहायचा. आम्ही कंपायलर सांभाळतो, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा दुभाषा. त्याच्याशी बोलायच्या ज्या ठरलेल्या पद्धती, ते इंटरफेस. ते जुने होतात, गळ्यात पडतात. मग दोन आवृत्त्यांमध्ये नुसता इशारा द्यायचा आणि तिसरीत काढून टाकायचं, म्हणजे कुणी तोंडघशी पडत नाही.

माझा थोरला भाऊही याच टीममध्ये होता. दादानं आपल्या जुन्या इंटरफेससाठी इशारा लिहिला तो असा: "ही पद्धत आता जुनी झाली आहे. आज काम अडणार नाही, पण सवडीनं नवी घ्या. आधी जेवून घ्या." शेवटचं वाक्य आईचं. तो कॉम्प्युटरसमोरून उठत नसे तेव्हा ती स्वयंपाकघरातून हेच ओरडायची. आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे हेडमास्तर म्हणतो. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण वाक्य राहू दिलं. पहिली आवृत्ती निघाली. दुसरी निघायच्या आत दादा आजारी पडला आणि गेला. त्याचं काम माझ्याकडे आलं.

आईनं अन्न जवळजवळ टाकलंच. मी वाढायची, ती ताट चिवडून परत ठेवायची. मला जेवायला हाक मारणंही तिनं सोडलं. ऑफिसातून यायचं आणि आपलं आपण वाढून घ्यायचं, असं चाललं होतं. मला रागही यायचा. मीही तिचीच होते ना?

दादानं कधी तरी हौसेनं तिला एक इवलासा प्रोग्राम शिकवला होता. नाव विचारायचा आणि नमस्कार करायचा, बस्स. जुन्याच पद्धतीचा. एका दुपारी तिनं तो उघडून कंपाइल केला, म्हणजे आमच्या दुभाष्याकडून उतरवून घेतला, आणि पडद्यावर दादाचा इशारा उमटला. त्या दिवशी ती नीट जेवली. मग ते रोजचंच झालं. प्रोग्राम कंपाइल करायचा, इशारा वाचायचा, मग ताटावर बसायचं.

"आई, एकदा केलं की रोज रोज कंपाइल करावं लागत नाही गं," मी सांगून पाहिलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "भूक कुठे लागते? तो म्हणतो म्हणून जेवते."

तिसऱ्या आवृत्तीची वेळ आली तशी मी चालढकल सुरू केली. आज तपासणी राहिली, उद्या आणखी काही. हेडमास्तर शेवटी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सगळ्यांनी नवं घेतलंय. आता ते नुसतं ओझं आहे. तुला जड जात असेल तर मी काढतो."

मला त्यांचा समजूतदारपणा नको होता. "मीच काढीन," म्हटलं.

काळीज घट्ट करून काढलं. इंटरफेसबरोबर इशाराही गेला. त्याच्या जागी चूक दाखवणारी एक ओळ मी लिहिली: "ही पद्धत उपलब्ध नाही." आणखी काही सुचलं नाही.

सुट्टीच्या दिवशी आईला सगळं सांगितलं. "पण तुझ्या कॉम्प्युटरवर मी जुनीच आवृत्ती ठेवते. तुला काही फरक पडणार नाही."

"बाकी सगळ्यांकडचं जाणार?"

"हो."

"जुनी झाली असं त्यानंच लिहिलं होतं ना?"

"त्यानंच."

ती बराच वेळ चष्मा पुसत बसली. "त्याचं अर्धं राहिलेलं काम तू पुरं केलंस. आता मीच आडवी येऊ का? घाल नवं."

मी घातलं. तिनं नेहमीप्रमाणे एका बोटानं कळा दाबल्या. माझी ओळ उमटली. तिनं ती पुन्हा पुन्हा वाचली.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"जेवणाचं नाही यात."

"ते दादाचं होतं, आई."

"माझं होतं ते," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. दादा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी पाठीवर हात ठेवला तर तिनं तो बाजूला केला. रडून झाल्यावर उठून ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. मग एक वाढलेलं ताट आणून तिनं माझ्यापुढे ठेवलं.

"आधी जेवून घे."

दादा गेल्यापासून हे ती मला म्हणाली नव्हती. मी जेवत राहिले. ती समोर बसून बघत होती. तिच्यापुढे ताट नव्हतं.