मोडीच्या काट्यावर

मी एक पुतळा बोलतोय. पुतळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मोठा चौक आणि उंच चौथरा आला असेल. तसलं माझं काही नाही. मी म्हणजे नुसतं एक डोकं आणि त्याखाली चार बोटं मान. ब्राँझचा आहे, एवढीच काय ती मिजास. केस विरळ, कान जरा मोठे, डाव्या भुवईत एक खाच. हा चेहरा कुणा थोर माणसाचा नाही. पंपांच्या जळालेल्या मोटारींमध्ये नवीन तार भरून देणाऱ्या एका दुकानदाराचा आहे. सगळे त्यांना वाइंडिंगवाले म्हणतात. मी त्यांना बाबा म्हणतो, कारण मला घडवणारी त्यांना बाबा म्हणते.

ती त्यांची एकुलती एक मुलगी. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी मोठं काम द्यायचं होतं. सर म्हणाले, "घोडा कर, घोडा खपतो." हिने बाबांचं डोकं करायचं ठरवलं. सुटीच्या दिवशी ती मातीचा गोळा घेऊन दुकानात यायची. बाबा स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळायचे आणि ही समोर बसून त्यांचं नाक मातीत शोधायची.

"हलू नका ना, बाबा."

"हललो नाही तर पंप कसा भरू? गिऱ्हाईक यायची वेळ झाली."

"मग निदान बोलू तरी नका."

"बोलत कोण होतं? तूच बोलायला लावतेस!"

ते दिवस चांगले होते. पुढे माती झाली, साचा झाला, मेणाची प्रत झाली, आणि ब्राँझच्या ओतकामाच्या खर्चाचा आकडा कळला. बाबांनी हातातलं तारेचं रीळ खाली ठेवलं.

"मातीचं चालत नाही का गं?"

"परीक्षेपुरतं चालेल. पण टिकणार नाही."

बाबांनी नवीन वाइंडिंग मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून दिले. मशीन आलं नाही, मी आलो. आजही ते हातानेच हँडल फिरवतात आणि संध्याकाळी खांदा चोळत बसतात. तो खांदा दिसला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

प्रदर्शनात माझ्याजवळ किमतीची चिठ्ठी लावली होती. मुलीने फार मागितलं नव्हतं. ओतकाम सुटावं आणि वर थोडं उरावं, इतकंच. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्यापासून जरा लांब उभे राहिले, जणू आमची ओळखच नाही. लोक येत, त्यांच्याकडे बघत, मग माझ्याकडे बघत आणि हसत. घरं सजवून देणारी एक बाई थांबली.

"सुंदर काम आहे. हे कोण? म्हणजे कुणी नाव असलेले आहेत का?"

"माझे बाबा आहेत," मुलगी म्हणाली.

"अच्छा, अच्छा." बाई पुढे गेली.

तिचं तरी काय चुकलं? अनोळखी माणसाचं डोकं दिवाणखान्यात कोण ठेवील? घोडे दोन गेले. मी पोत्यात बसून घरी आलो.

घरी मला कपाटावर जागा मिळाली. आई माझ्यावर टॉवेल टाकून ठेवायची. म्हणायची, धूळ बसते. खरं म्हणजे आलेला प्रत्येक जण विचारायचा, "हे केवढ्याला पडलं?" आणि तिला उत्तर द्यायचं नसायचं. टॉवेलाखाली बसून मी सगळं ऐकत असे.

मुलीला पदवी मिळाली. मग ती वर्षभर फिरली. शाळांमध्ये जागा नव्हत्या, जाहिरात कंपन्यांना कॉम्प्युटरवाले हवे होते. शेवटी बागेत ठेवायचे फायबरचे प्राणी बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. त्याच साच्यातून त्याच हत्तीची घसरगुंडी रोज निघायची, आणि ही तिचे सांधे घासून गुळगुळीत करायची. तिथे तिची पदवी कोणी विचारली नव्हती. पगार हातात पडला की ती आईला द्यायची, आणि देताना मान खाली असायची. बाबांना कोणी विचारलं, मुलगी काय करते, तर ते म्हणायचे, "कंपनीत आहे. डिझाइनला." एवढं बोलून ते घाईने विषय बदलायचे.

मग तो जेवणाचा दिवस आला. काकांच्या मुलाने नवीन गाडी घेतली, ती दाखवायला सगळे आमच्याकडे आले होते. जेवण झाल्यावर काका सुपारी कातरावी तसे शब्द कातरत म्हणाले, "चार वर्षांची फी, सामान, येणंजाणं. बरोबर? आणि हिचा पगार धर." त्यांनी मोबाइल काढून आकडे टाकले. "अरे, हे वसूल व्हायला हिला म्हातारी व्हावं लागेल!"

सगळे हसले. बाबा कोपऱ्यात अवघडून बसले होते. त्यांना वाटलं असेल, आपणही हसण्यात सामील झालो तर टोचणार नाही. त्यांनी माझ्यावरचा टॉवेल ओढला.

"वसूल होण्यासारखी एकच वस्तू आहे आमच्याकडे. मोडीत घातलं तर ह्याला भाव येईल बघ!"

हसण्याने खोली भरून गेली. बाबाही मोठ्याने हसले. मुलगी पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. तिने जग टेबलावर ठेवला आणि ग्लास भरून सगळ्यांना पाणी दिलं. काकांनाही दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला गोणपाटात बांधलं आणि मोडवाल्याकडे नेलं. बाबा जळक्या मोटारींचं तांबं ज्याला विकतात, तोच हा मोडवाला. त्याने कानस घेऊन माझ्या उजव्या गालावर दोनदा खसखस ओढली. तपकिरी रंग निघाला आणि आतला पिवळा धातू चमकला.

"माल खरा आहे," तो म्हणाला. मग त्याने मला उजेडात धरलं. "अहो, हे तर आपले वाइंडिंगवाले!"

"हो. वजन करा."

मी काट्यावर बसलो. माझं नाक, माझी भुवई, तिचे सगळे रविवार, कशालाच तिथे वजन नव्हतं. धातूला होतं. आले ते पैसे ओतकामाच्या पाव हिश्शाएवढेही नव्हते. ती न मोजता निघून गेली. ते पैसे तिने बाबांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "घ्या, वसुली सुरू झाली." हे मला मागाहून आईच्या बोलण्यातून कळलं.

बाबा दुकान उघडं टाकून धावत आले. मोडवाल्याने मला फुटक्या नळांच्या ढिगावर ठेवलं होतं. तिथे बसलेला एक ओळखीचा प्लंबर हसला, "काय शेठ, तुम्हीच मोडीत निघालात?"

बाबांचे कान लाल झाले. मोडवाला म्हणाला, घेतलेल्या भावात परत देणं त्याला परवडत नाही. एरवी बाबा त्याच्याशी पैशापैशासाठी हुज्जत घालतात. त्या दिवशी मागितले तेवढे देऊन त्यांनी मला उचललं, चेहऱ्यावर रुमाल टाकला आणि मागच्या गल्लीने दुकानात आणलं. कोणी बघू नये म्हणून.

त्याच आठवड्यात मुलगी कारखान्याजवळ मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं.

गालावरचा ओरखडा बाबांना बघवेना. त्यांनी त्यावर वाइंडिंगचं व्हार्निश लावलं. ते चिकट, पिवळं झालं आणि ओघळ हनुवटीपर्यंत आला. शेवटी त्यांनी फोन केला. कितीतरी वेळ जेवलीस का, पाणी येतं का, असलंच बोलत राहिले. मग म्हणाले, "डोकं दुकानात आणलंय. गालाला जरा व्हार्निश लावलं."

"व्हार्निश? बाबा! आता हात लावू नका. मी येते."

ती आली. तिने व्हार्निश पुसून काढलं, धातू तापवायला बाबांच्या हातात गॅसची ज्योत दिली आणि गालाचा तपकिरी रंग परत यावा म्हणून ब्रशने रसायन लावू लागली. दोघं माझ्यावर वाकले होते.

"त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं," बाबा म्हणाले.

"ज्योत लांब धरा. काळं पडेल."

त्यांनी लांब धरली. जरा वेळाने तीच बोलली.

"तुम्ही खोटं बोलला नव्हतात. हिशोब मीही करते, बाबा. रोज करते. जुळत नाही."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही हसलात, एवढंच."

बाबांच्या हातातली ज्योत पुन्हा गालाजवळ आली. तिने त्यांचं मनगट धरून ती मागे घेतली आणि काम पुरं केलं. जेवायला मात्र ती थांबली नाही.

आता मी दुकानाच्या टेबलावर असतो, टॉवेलाशिवाय. उजवा गाल डाव्यापेक्षा थोडा गडद आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हे कोणी केलं?"

"मुलीने. शिल्पकार आहे ती."

"त्यात पैसा असतो का?"

"नाही. अजून तरी नाही," बाबा म्हणतात आणि खाली बघून तार गुंडाळायला लागतात. लाज गेलेली नाही. पण आता ती मुलीची नाही, त्या दिवशीच्या स्वतःच्या हसण्याची आहे, हे मला कळतं.

वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरात कोणी असलं काही शिकत असेल, तर हिशोब जरूर करा. भाडं आणि भाजी पदवी बघून स्वस्त होत नाही. पण तो त्या पोराला शेजारी बसवून करा. पाहुण्यांना हसवायला करू नका.

शटर लावताना बाबा दिवा घालवतात, टेबल पुसतात, माझ्या मानेखालची धूळही पुसतात. तोंडाकडे मात्र बघत नाहीत. बघतील एखाद्या दिवशी. तोवर मी इथेच आहे.